हुडकेश्वर रस्त्यावरच्या दोन माश्या

ऑगस्टच्या अखेरीला नागपूरला संत्री नसतात, हे मला तिथे उतरल्यावर कळलं. म्हणजे झाडांवर असतात, पण हिरवी, लिंबाएवढी. पुण्याहून निघताना आईने संत्र्यांसाठी दिलेली पिशवी मी शेवटी मातीचे नमुने ठेवायला वापरली.

मी गेले होते माश्यांसाठी. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला छोटा प्रबंध लिहावा लागतो. सरांनी मला विषय दिला तो घरातली साधी माशी आणि गोठ्यातली चावरी माशी यांच्या सवयी आणि राहण्याच्या जागा यांची तुलना. दोघी दिसायला इतक्या सारख्या की भिंगाशिवाय बहुतेकांना फरक कळत नाही. पावसाळ्यात "माश्या चावायला लागल्या" असं आपण म्हणतो. खरं तर घरमाशीला चावताच येत नाही. तिचं तोंड मऊ, स्पंजासारखं असतं, ती फक्त चाटते. चावते ती दुसरी. तिच्या डोक्यातून पुढे सुईसारखी काळी सोंड आलेली असते, आणि ती घरमाशीसारखीच दिसत असल्यामुळे दोष घरमाशीवर येतो.

सरांचे कॉलेजातले मित्र मेश्रामकाका नागपूरला राहत. त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर गोठा होता, आणि मुलीने एकटीने जायचं तर ओळखीचं घर हवं, असं माझ्या वडिलांचं म्हणणं होतं. दोन्ही अटी एकाच पत्त्यावर पूर्ण झाल्या.

ले-आउट

पुण्यात आपण सोसायटी म्हणतो, कॉलनी म्हणतो. नागपूरला ले-आउट. शेत मोजून त्याचे तुकडे पाडले, कोपऱ्यांवर दगड पुरले की ले-आउट झाला. हुडकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या ले-आउटमध्ये जेमतेम बारा घरं उठली होती. बाकी प्लॉट रिकामे, त्यात कमरेएवढं गवत. रस्ता अजून व्हायचा होता. काळी माती चपलेला अशी धरायची की दहा पावलांत माणूस दोन बोटं उंच व्हायचा.

काका पोस्टात होते. काकू सरकारी दवाखान्यात नर्स, त्यामुळे ले-आउटमध्ये सगळे त्यांना सिस्टर म्हणत. बैठकीत बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी काकू तिच्यापुढे हात जोडून वंदना म्हणत. छप्पन साली, नवी नवरी असताना, सासू-सासऱ्यांबरोबर पांढरी साडी नेसून त्यांनी दीक्षा घेतली होती. "त्या दिवसापासून एक ठरवलं," त्या मला पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या. "कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही. पाहायचं, मग मानायचं."

मला हे बरं वाटलं. मी स्वतः फार बोलत नाही, त्यामुळे पाहणाऱ्या माणसांच्या घरात मला सोपं जातं.

जेवण पुण्यापेक्षा तिखट आणि मोकळं होतं. पहिल्या दिवशी वडाभात होता. डाळीचे वडे भातावर कुस्करायचे आणि वरून हिंगाची फोडणी घातलेलं गरम तेल ओतायचं. आमच्याकडे भातावर इतकं तेल कोणी पाहिलं तर डॉक्टरला बोलावेल. मी दोनदा घेतला. काका म्हणाले, "पुण्याची पोरगी जेवते वं! मले वाटलं चमच्याने खाईल."

इथल्या बायका "मी जातो", "मी करतो" असं म्हणतात. पहिले दोन दिवस मी प्रत्येक वेळी मागे वळून कोण पुरुष आला ते पाहत होते.

जुलैत इथे राहायला आलेल्या काकूंच्या नातवाला, मुलीच्या दोन वर्षांच्या मुलाला, हगवण लागली होती. तीन दिवस सलाइन लावावं लागलं. तेव्हापासून काकू स्वयंपाकघरात एकही माशी दिसली की हातातलं काम टाकून तिच्यामागे जात. माश्या गोठ्यातून येतात याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, आणि ले-आउटमध्ये कोणाच्याच नव्हती.

गोठा

गोठा गिरजाबाईंचा होता. पाच गाई आणि दोन म्हशी. ले-आउटची सगळी जमीन पूर्वी त्यांच्याच कुटुंबाची. नवरा गेल्यावर मुलांनी विकली, आणि हा एक तुकडा तेवढा त्यांनी हट्टाने ठेवून घेतला होता. मुलं सावनेरकडे खाणीत कामाला. इथे गिरजाबाई आणि सून शांता. दूध चौकातल्या दोन चहाच्या हॉटेलांना जायचं.

माझं मोजण्याचं साधन म्हणजे लाकडी पट्ट्यांची एक चौकट. ती जमिनीवर ठेवायची, माश्या पट्ट्यांवर येऊन बसतात, घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजायचं. हे जगभर करतात. पण जगभर करतात म्हणून गिरजाबाईंना ते कमी विचित्र वाटलं नाही.

"काय करून राहिली वं?"

"माश्या मोजते."

"कोनाच्या?"

मला प्रश्न कळला नाही. "कोणाच्या म्हणजे?"

"ले-आउटच्या का माया?"

मग त्यांनी मला समजावलं. त्यांच्या मते त्यांच्या गोठ्यात पूर्वी चावणारी माशी नव्हती. ले-आउट आला, लोक रिकाम्या प्लॉटात कचरा टाकायला लागले, आणि त्या घाणीवरच्या माश्या दुपारी इकडे येऊन गाईंच्या पायांना लागायला लागल्या. "उभी राहू देत नाई गाईले. पाय आपटते, आपटते, अन् दूध चोरते. ते सिस्टरबाई म्हनते माया गोठ्यानं तिच्या घरात माशी होते. मी म्हनतो तिच्या घरानं माया गोठ्यात."

गाई खरंच एकसारखे पुढचे पाय आपटत होत्या. मी वाकून पाहिलं. गुडघ्याखाली, डोकं वर करून, सात-आठ माश्या ओळीने बसलेल्या. चावरी माशी अशीच बसते, वर तोंड करून. मी वही काढली तेवढ्यात एक माझ्या घोट्याला, मोज्यातून, चावली. टाचणी टोचल्यासारखं झालं. मी ओरडले नाही, पण शांता हसली, म्हणजे चेहऱ्यावर दिसलं असावं.

दुसऱ्या दिवशी एका म्हशीने माझ्या चौकटीवर पाय दिला आणि तिच्या चार पट्ट्या मोडल्या. गिरजाबाईंनी कुंपणातला बांबू तासून नव्या पट्ट्या बांधून दिल्या. माप थोडं बदललं. प्रबंधात मी ते तळटीपेत लिहिलं आहे.

संध्याकाळी जेवताना काकांनी विचारलं, "आज किती शिकार?"

"स्वयंपाकघरात चार," मी म्हणाले. "गोठ्यात सत्तावीस."

एवढंच म्हणाले. सत्तावीसपैकी तेवीस चावऱ्या होत्या, ज्या स्वयंपाकघरात येतच नाहीत, हे मी वहीत लिहिलं होतं, पण बोलले नाही. मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नाही. काकूंनी पोळी वाढता वाढता "सत्तावीस?" असं एकदा विचारलं. मी मान हलवली.

अर्ज

तीन दिवसांनी काकूंनी माझ्यासमोर इंग्रजीत टाइप केलेला एक कागद ठेवला. "तू इंग्लिश मीडियमची. जरा चुका पाहून दे."

तो आरोग्य खात्याला लिहिलेला अर्ज होता. वस्तीतला गोठा रोग पसरवतो, तरी तो वस्तीबाहेर हलवावा, ही मागणी. खाली अकरा सह्या होत्या, पहिली काकूंची. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की पुण्याहून आलेल्या एका तज्ज्ञांनी शास्त्रीय पद्धतीने मोजणी केली असता गोठ्यात घरापेक्षा जवळजवळ सातपट माश्या आढळल्या.

ती तज्ज्ञ मी होते. आकडा खोटा नव्हता.

मी पेन्सिल घेतली. दोन स्वल्पविराम घातले, एक क्रियापद सुधारलं, आणि कागद परत दिला. काकूंनी थँक्यू म्हटलं. मी खोलीत जाऊन बराच वेळ वही उघडून बसले. गोठा हलवायचा म्हणजे गिरजाबाईंनी कुठे न्यायचा, हे अर्जात नव्हतं. दुसरी जमीन त्यांच्याकडे नव्हती. गोठा गेला तर गाई विकायच्या, एवढाच त्याचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवसापासून मी मोजणं कमी केलं आणि खणायला सुरुवात केली.

माशी कुठे बसते यावरून ती कुठली हे सांगता येत नाही. ती जन्मते कुठे ते पाहावं लागतं. मी तीन ठिकाणांहून अळ्या आणि कोष गोळा केले. कोष म्हणजे अळी आणि माशी यांच्या मधली अवस्था, गव्हाच्या दाण्याहून लहान, तपकिरी. पहिलं ठिकाण ले-आउटचा रिकामा प्लॉट, दुसरं गोठ्याचा ताज्या शेणाचा ढीग, आणि तिसरं गोठ्यामागे साठलेलं भिजलेलं कुटार. कुटार म्हणजे गुरांच्या चाऱ्यातला उरलेला भुसा. गिरजाबाई ते वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात टाकत होत्या, आणि पावसाने, गुरांच्या मुताने त्याचा खाली काळा लगदा झाला होता.

तीन बरण्या, तोंडाला मलमलीचं फडकं, वर चिठ्ठी. मी त्या माझ्या खोलीत खिडकीशी ठेवल्या आणि वाट पाहायला लागले. आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर सोमवारी पाहणीला येणार, असा काकूंच्या दवाखान्यात निरोप आला होता.

इतवारी

मध्ये पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. कागद, बांबू आणि कापडाच्या दोन राक्षसी बायका, एक काळी, एक पिवळी, इतवारीच्या गल्ल्यांतून मिरवत नेतात आणि शेवटी जाळतात. पुण्यात असं काही नाही. आम्ही गणपती आणतो आणि पोचवतो, पण घाण वस्तू मुद्दाम बनवून, वाजतगाजत घराबाहेर काढायची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली.

काकू आल्या नाहीत. "आम्ही ते सोडलं," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "मीही सोडलं, पण बघायला काय जाते?" आणि आम्ही सायकल रिक्षाने निघालो. आधी एका टपरीवर तर्रीपोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतून देतात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. टपरीवाल्याने न विचारता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

गर्दी छतांवर, ओट्यांवर, विजेच्या खांबांवर होती. काळी मारबत आली तेव्हा लोक ओरडून तिला काय काय घेऊन जायचं ते सांगत होते. खोकला घेऊन जाय, महागाई घेऊन जाय, ढेकूण-मोंगसे घेऊन जाय. मोंगसे म्हणजे डास. माझ्या शेजारच्या बाईने जोरात माश्यांचं नाव घेतलं.

काका माझ्या कानाशी वाकले. "आता नेल्या तर तुझं एम.एस्सी. बुडालं पोरी."

मी हसले. मग परतताना, रिक्षात, मी त्यांना सांगितलं की अर्जातला आकडा बरोबर आहे पण अर्थ चुकीचा आहे. एवढं एक वाक्य जुळवायला मला अर्धा रस्ता लागला.

काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मले काहून सांगते? मायी सही चौथी आहे. पहिली जिची आहे तिला सांग."

बरण्या

शनिवारी प्लॉटातली बरणी उघडली. म्हणजे आत माश्या निघाल्या. साठ-सत्तर, सगळ्या घरमाश्या. एकही चावरी नाही. काकू दवाखान्यातून आल्या तेव्हा मी बरणी आणि भिंग जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. सांगण्यापेक्षा दाखवणं मला सोपं वाटलं.

काकूंनी चष्मा पुसला, भिंग लावलं. "या कुठच्या?"

"रिकाम्या प्लॉटातल्या."

"कोणत्या बाजूच्या?"

"आपल्या कुंपणालगतच्या. मक्याच्या कणसांखाली होत्या."

ती कणसं, मी आले त्याच आठवड्यात, आम्हीच खाल्ली होती. काकू भिंगातून पाहत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "आणि गोठ्यातल्या?"

"शेणाच्या बरणीतूनही थोड्या निघाल्या आहेत. अकरा. त्या पण घरमाश्याच."

हे सांगावं की नाही, याचा मी सकाळभर विचार केला होता. ती बरणी मी पलंगाखाली ठेवली असती तर कोणाला कळलं नसतं, आणि गिरजाबाईंची बाजू स्वच्छ झाली असती. पण मग माझ्या वहीतल्या बाकीच्या आकड्यांना काही अर्थ उरला नसता.

"म्हणजे गोठ्यातूनही येतात," काकू म्हणाल्या.

"थोड्या. पण तिथे मोजलेल्या सत्तावीस या बहुतेक दुसऱ्याच माश्या आहेत. त्या घरात येत नाहीत. तिसऱ्या बरणीतून त्या निघतील, असं मला वाटतं. अजून निघाल्या नाहीत."

"तुला वाटतं," काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता. दवाखान्यात रिपोर्ट यायच्या आधी कोणी रोगाचं नाव घेतलं तर त्या असंच म्हणत असाव्यात. "निघू दे. मग बोलू."

रविवारी काही निघालं नाही.

सोमवार

सोमवारी सकाळी सहाला मी उठले आणि कुटाराची बरणी पाहिली. फडक्याच्या आतून पाच माश्या डोकं वर करून बसल्या होत्या. भिंगाची गरज नव्हती, सोंड नुसत्या डोळ्यांना दिसत होती. मी काकूंना हाक मारली. त्या वंदना अर्धी ठेवून आल्या नाहीत. पूर्ण केली, मग आल्या, आणि खिडकीच्या उजेडात बरणी फिरवून फिरवून पाहिली.

"हात घालू?"

"चावतील."

त्यांनी फडक्यावर तळहात दाबून धरला. थोड्या वेळाने झटकन काढला आणि तळव्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

इन्स्पेक्टर दहाला आले. रेक्झिनची बॅग, स्कूटर, कंटाळलेला चेहरा. ले-आउटमधले चार-पाच लोक, काका, काकू, मी, सगळे गोठ्यात उभे राहिलो. गिरजाबाई पदर खोचून दारातच उभ्या होत्या. त्यांना कोणी बाजूला व्हा म्हटलं नाही.

इन्स्पेक्टरांनी अर्ज वाचला. "तज्ज्ञ कोण?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग मी "मी" म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गोठा हलवला तर घरातल्या माश्या जातील का? एवढं सांगा."

"नाही."

"एकही नाही?"

"थोड्या कमी होतील. बाकीच्या रिकाम्या प्लॉटातल्या कचऱ्यात होतात."

मागून कोणीतरी म्हणालं, "हे तर उलटंच बोलून राहिली बापा."

"आन् चावनाऱ्या?" गिरजाबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "त्या बी प्लॉटातल्याच ना? सांग साहेबाले."

त्यांच्याकडे पाहून बोलणं इन्स्पेक्टरांपेक्षा कठीण होतं. "नाही, गिरजाबाई. त्या तुमच्या कुटारातल्या. मागच्या कोपऱ्यातल्या."

"माया कुटारातल्या?"

"हो."

"म्हनजे माया गाईले मीच चावून राहिली," त्या म्हणाल्या. शांताने तोंडावर पदर घेतला. गिरजाबाई माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू पंधरा दिवस पाजलेला चहा हिशेबात धरावा की नाही, हे ठरवत होत्या.

इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं. "सिस्टर, पहिली सही तुमची. अर्जदार तुम्ही. तुम्ही मागे घेतला तर अर्ज राहत नाही. ठेवला तर मला नोटीस काढावी लागते, गोठा हलवायची. मधलं काही नसतं."

सगळे काकूंकडे पाहायला लागले. शेजारच्या घरातले गृहस्थ हळूच म्हणाले, "सिस्टर, नातवाचं आठवा."

"आठवते म्हणूनच," काकू म्हणाल्या. "गोठा गेला आणि माश्या राहिल्या, तर पुढच्या पावसाळ्यात मी कोणाविरुद्ध अर्ज करू?" मग इन्स्पेक्टरांकडे वळल्या. "हा मागे घेते. दुसरा देते. पाच मिनिटं थांबा." आणि मला म्हणाल्या, "लिही. या वेळी सगळं लिही."

मी गोठ्यातल्या बाजेवर बसून, मांडीवर वही ठेवून लिहिलं. या वेळी मराठीत लिहिलं, म्हणजे सगळ्यांना कळेल. रिकाम्या प्लॉटात ले-आउटमधली सगळी घरं कचरा टाकतात, तो खात्याने उचलावा आणि तिथे टाकण्यावर बंदी घालावी. गोठ्यामागचं जुनं कुटार हलवावं. शेण रोजच्या रोज काढावं. काकूंनी वाचलं आणि "सगळी घरं" याच्या पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, "माझ्या घरासह." मग सही केली. काकांनी केली. तिसरं कोणी पुढे आलं नाही.

"वाच," गिरजाबाई म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं. कुटाराच्या ओळीला त्यांनी नाक मुरडलं, पण थांबवलं नाही.

"आन् मायी सही?"

"ही तक्रार तुमच्याविरुद्ध पण आहे," इन्स्पेक्टर म्हणाले.

"तिच्याविरुद्ध बी हाय ना? तिनं केली." त्यांनी पेन घेतला आणि काकांच्या खाली, एकेक अक्षर सुटं सुटं काढत, नाव लिहिलं. इन्स्पेक्टरांनी कागद दोनदा वाचला, पहिल्या अर्जावर आडवी रेघ मारली, दोन्ही बॅगेत घातले आणि चहा न घेता गेले.

ले-आउटमधले लोक पांगले, काका पोस्टात गेले. आम्ही चौघी उरलो. गिरजाबाई मागच्या कोपऱ्यातल्या काळ्या ढिगाकडे पाहत होत्या.

"हलवावं, असं लिवलं तू. कुठं हलवावं ते लिवलं का?"

ते मी लिहिलं नव्हतं. पण मला माहीत होतं, आणि आता बोलायची थोडी सवय झाली होती. न्यायची गरज नाही, मी म्हणाले. पातळ पसरायचं, उन्हात. ढीग ओला असेल तरच अळ्या जगतात. वाळलं की मरतात, आणि उरलेलं खत म्हणून चालतं.

"आज ऊन हाय," शांता म्हणाली.

काकूंची ड्यूटी बाराची होती. त्यांनी पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि भिंतीला टेकवलेली, कुटार ओढायची दाताळी उचलली. गिरजाबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली, उलटी केली, आणि परत दिली.

"अशी धरते, सिस्टरबाई."